गिऱ्हाईक जिथे बघत नाही : चित्रपटांच्या अधिकृत आणि पायरेटेड डिस्क ओळखण्याविषयी

चित्रपटांच्या सीडी-डीव्हीडी विकणारी दुकाने आता शोधूनही सापडत नाहीत, नव्या लॅपटॉपला डिस्कचा खण उरलेला नाही, आणि घरोघरी चित्रपट बघितला जातो तो मोबाइलवर किंवा टीव्हीतल्या ॲपवर. अशा वेळी असली डिस्क कोणती आणि नकली कोणती हे सांगणारी पुस्तिका काढण्यात काय हशील, असे कोणी विचारले तर ते गैर नाही. माझे उत्तर असे, की वीस वर्षांपूर्वी ही पुस्तिका जितकी उपयोगी पडली असती त्याहून आज जास्त पडेल. डिस्क नवी विकली जात होती तेव्हा तिच्या खरेपणाची ग्वाही द्यायला बाहेरचे पुरावे होते : दुकानाची पाटी, पावती, वितरकाचा माणूस, कंपनीची चालू सूची. स्टेशनाबाहेर ताडपत्री पसरून बसलेल्याकडून घेतली की पायरेटेड, काचेच्या कपाटातून काढून दिली की ओरिजिनल, एवढ्या ढोबळ समजावर बहुतेकांचे भागत असे. (हा समज पुष्कळदा खोटा ठरे, काचेच्या कपाटांनीही बराच माल पचवला आहे.) आता त्याच सगळ्या डिस्क जुन्या बाजारात, रद्दीच्या दुकानात, ऑनलाइन सेकंडहँड विक्रीत आणि ग्रंथालयांना देणगी म्हणून मिळणाऱ्या खोक्यांत एकमेकींत मिसळल्या आहेत. पावती गेली, दुकान गेले, अनेकदा कंपनीही गेली. यापुढे वस्तूनेच आपली साक्ष द्यायची आहे, आणि ती साक्ष वाचायची कशी हा या पुस्तिकेचा विषय आहे.

खुणांची यादी पाठ करून हे काम होत नाही. होलोग्राम बघा, छपाई बघा, स्पेलिंगच्या चुका बघा, खालची बाजू जांभळी आहे का बघा, असे सल्ले पुष्कळ ठिकाणी मिळतात आणि त्यांतला प्रत्येक कधी ना कधी चुकतो. म्हणून आधी एक गोष्ट समजून घ्यावी लागते. पायरसी हा खर्च वाचवण्याचा धंदा आहे. निर्मात्याला द्यायचे पैसे, प्रमाणपत्राची यातायात, चांगल्या टेपवरून चित्र उतरवण्याची मजुरी, कर, हे सगळे वाचते म्हणून तो चालतो. वाचलेल्यातला थोडा पैसा मात्र गिऱ्हाइकाची खात्री पटवण्यासाठी परत घालावा लागतो, आणि तो घालणारा माणूस हिशेबी असल्यामुळे गिऱ्हाईक जिथे बघते तिथेच घालतो. पुढचे कव्हर उत्तम, मागचे बरे, मागच्या कव्हरावरचा बारीक मजकूर वाचता न येण्याइतका पुसट, आणि डिस्कच्या मधल्या भोकाभोवतीच्या कड्यावर काहीच नाही, अशी उतरण पायरेटेड मालात वारंवार दिसते ती याच कारणाने. तेव्हा पारख करणाऱ्याने नेमके उलटे चालावे. जी खूण गिऱ्हाईक सर्वांत कमी बघते तिथून सुरुवात करावी आणि दर्शनी कव्हराकडे सगळ्यात शेवटी यावे.

हे तत्त्व मान्य केले की खुणांची किंमत आपोआप ठरत जाते. होलोग्राम हे पहिले उदाहरण. चमकणारे चिकटपत्र हा खरेपणाचा पुरावा आहे अशी जाहिरात कंपन्यांनीच केली, त्यामुळे लोक ते बघू लागले, आणि लोक बघू लागल्याबरोबर त्याची नक्कल करणे फायद्याचे झाले. आज होलोग्राम असण्याला फारसा अर्थ नाही आणि नसण्यालाही नाही, कारण कित्येक अधिकृत डिस्कवर तो कधी लावलाच नव्हता. बारकोडचे तेच. ८९० ने सुरू होणारा आकडा भारतीय नोंदणी दाखवतो, पण बारकोड म्हणजे छापलेल्या रेघा. कव्हर स्कॅन करताना त्या फुकटात येतात.

उलट ज्या मजकुराकडे कोणी ढुंकून पाहत नाही तो कायद्याने घालायला लावलेला मजकूर आहे. स्वामित्वहक्क कायदा १९५७ चा. व्हिडिओ कॅसेटचा सुळसुळाट झाला तेव्हा, १९८४ च्या दुरुस्तीने, त्यात कलम ५२अ आले. या कलमानुसार व्हिडिओ फिल्म प्रसिद्ध करणाऱ्याला तीन गोष्टी दाखवाव्या लागतात : प्रमाणपत्र लागू असेल तर सेन्सॉर मंडळाच्या प्रमाणपत्राची प्रत, व्हिडिओ फिल्म तयार करणाऱ्याचे नाव-पत्ता आणि हक्काच्या मालकाची परवानगी घेतल्याचे त्याचे निवेदन, आणि त्या मालकाचे नाव-पत्ता. हे न पाळल्यास कलम ६८अ खाली तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड अशी शिक्षा आहे. माझ्या मते पारखीच्या दृष्टीने यातली कळीची अट वेगळीच आहे, आणि पुष्कळ जाणकारांनाही ती ठाऊक नसते. हा तपशील केवळ वेष्टनावर देऊन भागत नाही. फिल्म दाखवली जाताना पडद्यावरही तो आला पाहिजे. म्हणजे कायद्याने प्रत्येक अधिकृत डिस्कमध्ये एकच विधान दोन जागी ठेवले आहे. पायरेटेड मालात हे दोन धागे बहुधा जुळत नाहीत, कारण कव्हर एकीकडून उचललेले असते आणि चित्र दुसरीकडून. कव्हरावर एका कंपनीचे नाव आणि पडद्यावर दुसरीचे बोधचिन्ह. किंवा कव्हरावर निवेदन आहे आणि पडद्यावर थेट थिएटरचे प्रमाणपत्र उमटते. थिएटरसाठीचे ‘यू’ किंवा ‘यूए’ प्रमाणपत्र आणि व्हिडिओ आवृत्तीसाठीचे ‘व्ही/यू’ किंवा ‘व्ही/यूए’ यांतला फरक कव्हरावर बारीक अक्षरांत असतो, आणि नक्कल करणाऱ्याच्या हातून तो सहज सुटतो. डिस्क यंत्रात घालून पहिली दोन मिनिटे कव्हर हातात धरून बघावीत. दहा हजार होलोग्राम तपासून जे कळत नाही ते या दोन मिनिटांत कळते.

यावर एक रास्त आक्षेप आहे. पायरेटेड डिस्क ही अधिकृत डिस्कचीच हुबेहूब प्रत असेल, पडद्यावरच्या निवेदनासकट, तर? अशा प्रती पुष्कळ होत्या, आणि तिथे हा जुळणीचा उपाय लटका पडतो. मग डिस्कच उलटून बघावी लागते. कारखान्यात तयार होणारी डिस्क आणि संगणकावर लिहिलेली डिस्क यांचा जन्मच वेगळा. कारखान्यात आधी काचेच्या मूळ तबकडीवर लेसरने मजकूर कोरतात, तिच्यावरून निकेलचा ठसा बनवतात, आणि तो साच्यात बसवून वितळलेल्या पॉलिकार्बोनेटमधून एकेक डिस्क काही सेकंदांत दाबून काढतात. वर ॲल्युमिनियमचा थर चढतो. मजकूर प्लास्टिकच्या खड्ड्यांत असतो. डीव्हीडी असेल तर प्रत्येकी ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्या चिकटवून १.२ मिलिमीटरची डिस्क होते. लिहिता येणाऱ्या डिस्कमध्ये मात्र सेंद्रिय रंगाचा थर असतो आणि लेसर तो रंग भाजून खुणा करतो; खालची बाजू जांभळट, निळसर किंवा हिरवट दिसते ती त्या रंगामुळे. दाबून काढलेली डिस्क चांदीसारखी दिसते. दोन थरांच्या, ८.५ जीबीच्या डीव्हीडीत एका थराला सोनेरी झाक असते आणि अनुभव नसलेले लोक तिलाच संशयास्पद समजतात, हेही इथे सांगून ठेवलेले बरे.

कारखान्याची डिस्क बोलते ती मधल्या कड्यावर. भोकाभोवतीच्या आरशासारख्या पट्ट्यात, प्रकाशात तिरपी धरली तर, अक्षरे-आकड्यांची एक ओळ दिसते. हा त्या आवृत्तीचा कारखान्यातला क्रमांक. शेजारी ‘आयएफपीआय’ ही चार रोमन अक्षरे आणि त्यांपुढे आणखी काही अक्षरे-अंक असू शकतात. आयएफपीआय म्हणजे ध्वनिमुद्रण उद्योगाची आंतरराष्ट्रीय संघटना. तिने आणि फिलिप्स कंपनीने १९९४ मध्ये ही ओळखपद्धत सुरू केली. तिचे दोन भाग आहेत. एल या अक्षराने सुरू होणारा संकेत मूळ तबकडी कोणत्या लेसरयंत्रावर कोरली ते सांगतो. दुसरा संकेत साच्यावरच कोरलेला असतो आणि त्या साच्यातून निघालेल्या प्रत्येक डिस्कच्या प्लास्टिकमध्ये, पारदर्शक भागात, उमटतो. रंगाने छापलेला नाही, चिकटवलेला नाही. खोडायचा तर खरवडावा लागतो, आणि खरवडल्याचे लगेच दिसते. काही पायरेटेड डिस्कवर नेमकी तशी खरवड सापडते. आपण कोण हे लपवण्यासाठी कारखान्याने घेतलेली ती मेहनत असते.

तरीही कड्यालाही आंधळेपणाने मानू नये. हाँगकाँगने १९९८ मध्ये आणि मलेशियाने २००० मध्ये डिस्क बनवणाऱ्या कारखान्यांवर ओळखसंकेताची सक्ती करणारे कायदे केले. भारतात असा स्वतंत्र कायदा व्हावा ही चर्चा वर्षानुवर्षे झाली, कायदा झाला नाही. म्हणून भारतीय डिस्कवर आयएफपीआय नसणे हा संशयाचा मुद्दा ठरतो, गुन्ह्याचा पुरावा ठरत नाही. दुसरीकडे, कोऱ्या डिस्कदेखील साच्यातूनच निघतात आणि त्यांतल्या अनेकींवर साच्याचा संकेत असतो. तेव्हा जांभळ्या डिस्कवर ती चार अक्षरे बघून हुरळून जाण्यात अर्थ नाही. तो संकेत कोरी डिस्क बनवणाऱ्याचा, आतल्या चित्रपटाचा नव्हे. आणि आशियातल्या काही कारखान्यांनी रात्रपाळीत चांदीसारख्या, दाबून काढलेल्या पायरेटेड डिस्कही लाखांनी बाहेर काढल्या. चांदी दिसली म्हणजे अधिकृत, हे समीकरण तिथे कोसळते.

जांभळी म्हणजे पायरेटेड, हे समीकरणही तसेच कच्चे आहे. वॉर्नर ब्रदर्सने २००९ मध्ये ‘वॉर्नर आर्काइव्ह’ नावाची मालिका सुरू केली. ज्या जुन्या चित्रपटांना थोडेच गिऱ्हाईक आहे ते, मागणी येईल तसे, लिहिता येणाऱ्या डिस्कवर उतरवून कंपनी स्वतः विकू लागली. पूर्ण अधिकृत, आणि तरी खालची बाजू जांभळी. आपल्याकडेही थोड्या प्रती खपतील अशा माहितीपटांच्या किंवा संस्थांच्या प्रकाशनांत असे होणे साहजिक होते, कारण ठसा बनवण्याचा खर्च शे-दोनशे प्रतींत निघत नाही. त्यामुळे प्रश्न असा विचारावा : या चित्रपटाच्या, या कंपनीच्या, इतक्या खपाच्या आवृत्तीला जांभळी डिस्क शोभते का? मोठ्या कंपनीने गावोगाव विकलेला, गाजलेला हिंदी चित्रपट जांभळ्या डिस्कवर मिळाला तर उत्तर ‘नाही’ हेच आहे.

यानंतर अंकगणित, आणि मला स्वतःला हा पुरावा सगळ्यांत आवडतो, कारण त्याला ना भिंग लागते ना कायदा. एका थराच्या डीव्हीडीत ४.७ जीबी मावतात. अडीच तासांचा एक चित्रपट तिच्यावर बसवला तर प्रत्येक सेकंदाला साधारण ४.२ मेगाबिट वाट्याला येतात. चित्र बरे दिसते, धावपळीच्या प्रसंगात थोडे फुटते. दोन थरांच्या डिस्कवर हाच वाटा साडेसातपर्यंत जातो. आता फुटपाथवरची सुप्रसिद्ध ‘पाच पिक्चर एका डीव्हीडीत’ घ्या. साडेबारा तासांचा ऐवज ४.७ जीबीत कोंबला की सेकंदाला ०.८४ मेगाबिट उरतात. १९९३ साली ठरलेल्या व्हीसीडीच्या मानकात एकट्या चित्रालाच १.१५ मेगाबिट दिलेले होते आणि आवाजाला वेगळे. म्हणजे डीव्हीडी म्हणून विकलेली ती वस्तू व्हीसीडीपेक्षाही दरिद्री असते. अधिकृत कंपन्यांनीही दोन-तीन चित्रपटांचे एकत्रित संच काढले होते, त्यामुळे ‘थ्री इन वन’ दिसले म्हणजे पायरेटेड असे नाही. पण पाच, आठ, दहा चित्रपटांचा दावा असला की भागाकार करून पाहावा. परदेशी मालिकांचे जे स्वस्त संच ऑनलाइन विकले जातात त्यांचीही हीच कसोटी आहे : अधिकृत संचात जितक्या डिस्क होत्या त्याच्या निम्म्याच डिस्क पेटीत असतील, तर उरलेली जागा चित्रातूनच काढलेली आहे.

चित्राच्या दर्जावरून निकाल देण्याचा मोह सर्वांना होतो, आणि थिएटरात कॅमेरा लपवून चोरलेली प्रत असेल तर तो निकाल बरोबरही असतो. तिरपा पडदा, मधूनच उठणारे डोके, विनोदाला प्रेक्षकांचे हसू, भिंतींवर आदळून आलेला आवाज : अशा ‘कॅमेरा प्रिंट’ला पारख लागत नाही. (अशा चित्रणाला चित्रपट कायद्याच्या २०२३ च्या दुरुस्तीने तीन महिने ते तीन वर्षे कैद आणि किमान तीन लाख रुपये दंड ठेवला आहे.) चोरी आतल्या माणसाकडून झाली असेल तर चित्र स्वच्छ असते, पण त्यावर कामाच्या खुणा राहतात. ‘उडता पंजाब’ची जी प्रत जून २०१६ मध्ये प्रदर्शनाआधी फुटली तिच्यावर ती सेन्सॉरसाठी असल्याचे शब्द होते. हॉलिवूडमध्ये पुरस्काराच्या परीक्षकांना पाठवलेल्या प्रतींवरही तसा इशारा सरकत जातो. इथवर ठीक. पुढे मात्र हा निकष उलटतो, आणि विशेषतः मराठी चित्रपटांच्या बाबतीत उलटतो. आपल्याकडच्या पूर्णपणे अधिकृत डिस्कवरही जुन्या टेपवरून उतरवलेले फिके रंग, कोपऱ्यात सबंध चित्रपटभर ठाण मांडून बसलेले कंपनीचे बोधचिन्ह, कापलेली गाणी, कव्हरावर कलाकारांच्या नावांच्या चुका, हे सर्व आढळते. परदेशी मार्गदर्शकांत ‘स्पेलिंगची चूक म्हणजे पायरसी’ असे ठामपणे लिहिलेले असते. तो न्याय इथे लावला तर निम्मी अधिकृत मराठी सूची बाद होईल. वाईट काम आणि चोरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीबद्दल कंपन्यांना दोष जरूर द्यावा, पण दुसरीचा शिक्का मारू नये.

परदेशी सल्ला जसाच्या तसा घेण्यातला सर्वांत मोठा धोका विभाग-संकेताचा आहे. डीव्हीडीसाठी जग विभागांत वाटले गेले. अमेरिका पहिल्या विभागात, भारत पाचव्या. हॉलिवूडच्या मोठ्या कंपन्या आपल्या डिस्क विभागाने बांधत, म्हणून तिकडचे संग्राहक ‘सर्व विभाग’ किंवा ‘विभाग शून्य’ असे कव्हरावर दिसले की कान टवकारतात, आणि त्यांच्या चित्रपटांपुरते ते योग्य आहे. भारतीय चित्रपटांचे गणित निराळे. एकच चित्रपट मुंबई, दुबई, लंडन आणि न्यू जर्सीतल्या वाणसामानाच्या भारतीय दुकानात विकायचा, तर विभागाचे कुलूप लावून स्वतःचेच गिऱ्हाईक अडवायचे कशाला? त्यामुळे अधिकृत भारतीय डीव्हीडी सर्रास सर्व विभागांसाठी निघत. परदेशासाठीची आवृत्ती एनटीएससी या टीव्ही-पद्धतीची आणि इथली पाल पद्धतीची, इतकाच फरक अनेकदा असे. अमेरिकेतून परतलेल्या नातेवाइकांच्या सामानातून आलेली, भारतीय प्रमाणपत्राचा मजकूर नसलेली, एनटीएससी डिस्क म्हणून पायरेटेड ठरत नाही. ती त्या बाजारासाठी काढलेली असू शकते. ब्ल्यू-रेबद्दल इथे फार लिहीत नाही, मराठीत तिचा प्रसारच थोडा. कारखान्यात दाबलेल्या ब्ल्यू-रे चित्रपटाला एएसीएस हे नक्कल रोखणारे कुलूप सक्तीचे असते, ते नसेल तर डिस्क संशयास्पद मानावी, एवढे पुरे.

कधीकधी डिस्क हातात घेण्याचीही गरज नसते. डिस्नेने १९४६ चा ‘साँग ऑफ द साउथ’ डीव्हीडीवर कधीच आणला नाही. तेव्हा त्याची कोणतीही डीव्हीडी, कव्हर कितीही देखणे असो, अधिकृत असूच शकत नाही. प्रकाशनाचा इतिहास हा असा एका फटक्यात निकाल लावणारा पुरावा आहे, आणि मराठीत नेमका तोच सर्वांत दुबळा आहे. कोणत्या कंपनीने कोणता मराठी चित्रपट किंवा नाटक कोणत्या वर्षी, किती डिस्कमध्ये, किती मिनिटांचे म्हणून काढले याची एकत्र सूची कोणी केलेली नाही. नाटकांच्या व्हीसीडी मराठी घरांत प्रचंड खपल्या. लेखक, निर्माता, संगीतकार अशा अनेकांचे हक्क एका नाटकात गुंतलेले असताना परवानगीचे निवेदन कोणाच्या नावे आहे हे तिथे चित्रपटाहूनही जास्त महत्त्वाचे, आणि नोंद मात्र कुठेच नाही.

आता किमतीचा प्रश्न, कारण या विषयावर बोलले की तो येतोच. अधिकृत डिस्क सामान्य माणसाला परवडत नव्हती म्हणून त्याने पायरेटेड घेतली, तर त्याला कशाला नावे ठेवता? या आक्षेपात तथ्य आहे, आणि त्याचा प्रयोगच या देशात झाला. नोएडाची मोझर बेअर ही कोऱ्या डिस्क बनवणारी जगातल्या मोठ्या कंपन्यांपैकी एक. २००७ च्या सुमारास ती स्वतः चित्रपटांच्या धंद्यात उतरली आणि तिने व्हीसीडी २८ रुपयांना, डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढली. फुटपाथच्या भावाला अधिकृत माल आला. इतर कंपन्यांनाही भाव उतरवावे लागले. लोकांनी त्या घेतल्या, म्हणजे चोरीचीच आवड होती असे नव्हते, हे सिद्ध झाले. पुढे इंटरनेटने डिस्कचाच बाजार उठवला आणि २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीत मोडीत काढण्याचा आदेश झाला. पण पारख करणाऱ्यासाठी या प्रकरणाचा धडा व्यावहारिक आहे : २००७ नंतरच्या डिस्कबाबत स्वस्तपणा हा पुरावा राहिलेला नाही. पातळ वेष्टनातली ३४ रुपये छापील किमतीची डीव्हीडी अधिकृत असू शकते, आणि जाड पेटीतली ३९९ ची नकली. छापील किमतीच्या शेजारी वेष्टनबंद मालाच्या नियमांनुसार द्यावा लागणारा महिना-वर्ष, पॅक करणाऱ्याचा पत्ता आहे की नाही, ते बघावे. किमतीचा आकडा बघू नये. शासनाने पायरसीचा प्रश्न किती गंभीर मानला होता याची कल्पना यावरून येईल, की महाराष्ट्राने हातभट्टीवाले आणि झोपडपट्टी गुंड यांना स्थानबद्ध करण्यासाठी केलेल्या १९८१ च्या कायद्यात २००९ मध्ये व्हिडिओ पायरेट्सचीही भर घातली. माझ्या मते ही भर अतिरेकी होती. ज्या कामासाठी साधा खटला पुरतो त्यासाठी विनाखटला स्थानबद्धता वापरणे हे कायद्याचे आळशीपण आहे.

शेवटचा आक्षेप संग्राहकांचा, आणि तो मला सर्वांत वजनदार वाटतो. अनेक चित्रपट अधिकृतपणे कधी निघालेच नाहीत. पायरेटेड प्रत नसती तर ते बघायलाही मिळाले नसते. खरे आहे, आणि अशी प्रत फेकून द्यावी असे ही पुस्तिका कुठेही सुचवत नाही. शिवाय ‘परवानगी नाही म्हणजे बेकायदा’ हेही नेहमी खरे नसते. भारतात चित्रपटाचा हक्क प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो. १९५३ च्या ‘श्यामची आई’चा चित्रपट म्हणून असलेला हक्क २०१३ अखेर संपला, त्यानंतर कोणी त्याची डिस्क काढली तर केवळ त्या हक्काच्या आधारे तिला पायरेटेड म्हणता येत नाही. शब्दांचा हिशेब मात्र लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे चालतो, आणि या चित्रपटाचे पटकथाकार आचार्य अत्रे १९६९ मध्ये गेले, तेव्हा त्यांनी लिहिलेल्या शब्दांपुरता तो २०२९ पर्यंत जातो. एका डिस्कमध्ये असे वेगवेगळ्या मुदतींचे हक्क एकत्र नांदतात. तरीही अनधिकृत प्रत जपणे आणि तिला अधिकृत म्हणून नोंदवणे यांत फरक केलाच पाहिजे. चित्रपटाची लांबी किती होती, कोणते गाणे कापले, कोणत्या प्रमाणपत्राखाली तो घराघरांत गेला, हे उद्याचा अभ्यासक डिस्कवरूनच ठरवणार आहे. पाच चित्रपटांच्या डिस्कसाठी कोणीतरी वीस मिनिटे छाटलेली प्रत ‘मूळ आवृत्ती’ म्हणून सूचीत गेली, तर ती चूक पुढे छापली जात राहील.

म्हणून ग्रंथपाल, फिल्म सोसायट्यांचे कार्यकर्ते आणि घरात जुन्या डिस्क सांभाळणारे वाचक यांना विनंती एवढीच. डिस्क दाखल करताना नोंदवहीत फक्त चित्रपटाचे नाव लिहून थांबू नका. कड्यावरचा सगळा मजकूर जसाच्या तसा उतरवा, पडद्यावर येणारी कंपनी आणि कव्हरावरची कंपनी शेजारी-शेजारी लिहा, प्रत्यक्ष चालणारी मिनिटे मोजून लिहा, आणि खात्री नसेल तिथे ‘अनिश्चित’ असा शेरा मारा. जांभळ्या डिस्क आधी घ्या. त्यांचा रंगाचा थर उन्हाने आणि उष्णतेने खराब होतो, आणि डिस्क वाचेनाशी झाल्यावर पडद्यावरचे निवेदन कोणाला तपासता येणार नाही.